दोघं मित्र, एक जुनी व्हीएमसी आणि गिरणाऱ्याची दीड एकर: एलएलपी करू की प्रायव्हेट लिमिटेड?

टूलरूम_अंबड

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबतोय, पण घरची गोष्ट सांगितल्याशिवाय मी एवढा का अडलोय ते कळणार नाही.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये पंधरा वर्षं काढली. जिग, फिक्स्चर, डाय दुरुस्ती, सगळं हाताखालून गेलंय. माझा मित्र सिन्नरजवळ माळेगावच्या एमआयडीसीत सीएनसी प्रोग्रामर आहे. दोघं मिळून स्वतःचं जॉबवर्क सुरू करायचं नक्की झालंय. अंबडमध्येच आठशे फुटांचा गाळा भाड्याने मिळतोय. एक जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) बघून ठेवली आहे. स्पिंडल फिरवून, डायल लावून तपासली, रनआउट व्यवस्थित आहे. १४ लाख आणि वर जीएसटी असा सौदा बोलून ठेवलाय. मी १० लाख घालणार, मित्र ५ लाख. टूलिंग, कॉम्प्रेसर, गाळ्याचं डिपॉझिट आणि दोन-तीन महिन्यांचं खेळतं भांडवल यासाठी बँकेकडून साधारण ८ लाख लागतील. दोन ठिकाणांहून कामाचा तोंडी शब्द मिळालाय.

आता घरचं. बाबांनी १९९४ मध्ये सातपूरला एका ओळखीच्या माणसाबरोबर फॅब्रिकेशनची भागीदारी फर्म काढली होती. भागीदाराने फर्मच्या नावावर स्टील उधारीने उचललं. किती उचललं ते बाबांना कधी कळलंच नाही. एक दिवस तो गाव सोडून गेला आणि स्टीलवाले आमच्या दारात आले. गिरणाऱ्याला आमची अडीच एकर होती, त्यातली एक एकर १९९८ ला विकावी लागली. मी तेव्हा सहावीत होतो. घेणाऱ्याने द्राक्षाचा मांडव काढला, तारा गुंडाळल्या, अँगल ट्रॅक्टरमध्ये भरले. बाबा बांधावर उभे होते आणि ट्रॅक्टर जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्यामुळे बाबांची एकच अट आहे: "लिमिटेड करणार असशील तर कर, नाहीतर नोकरी सोडू नको." मित्र म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड करू, नावाला वजन येतं. ज्या सीएंकडे गेलो होतो ते म्हणाले, एवढ्याशा धंद्याला साधी भागीदारी पुरे. मेहुणा म्हणतो एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. चार जणांची चार मतं ऐकून डोकं जड झालंय.

मला नक्की एवढंच समजून घ्यायचंय की लिमिटेड केल्यावर उरलेली दीड एकर खरोखर सुरक्षित राहते का? आणि खर्च, कागदपत्रं, दरवर्षीचं लचांड किती? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

मेनरोड_व्यापारी

भाऊ, तुमच्या सीएंचं म्हणणं मला पटतं. आमचं तीस वर्षांचं दुकान प्रोप्रायटरशिपवर चाललंय. आधी सहा महिने काम करा, बिलं फाडा, गिऱ्हाईक पैसे वेळेवर देतं का ते बघा. नंतर हवी तेव्हा कंपनी करता येते. सुरुवातीलाच ऑडिट आणि आरओसीच्या (कंपनी निबंधकांच्या) कागदांमागे लागलात तर मशीनवर उभं राहायला वेळ उरणार नाही. आणखी एक गोष्ट, पीएमईजीपीच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार निर्मिती योजनेच्या, अनुदानाचा विचार असेल तर ती योजना नवीन युनिट काढणाऱ्या व्यक्तीसाठी आहे, प्रायव्हेट लिमिटेडसाठी नाही. सातपूरला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आधी ते विचारा, मगच कंपनीचा अर्ज भरा.

पॅनेलवाली_सातपूर

दादा, तुमचा प्रश्न वाचून दुपारचं काम बाजूला ठेवलं. मी आणि माझा भाऊ सातपूरला कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. २०१९ पासून आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. जे सोसलं आणि शिकले ते सांगते.

बाबांच्या बाबतीत जे घडलं ते कायद्याने घडलं, त्यात त्यांची चूक नव्हती. साध्या भागीदारीला १९३२ चा कायदा लागतो. त्यात फर्मने केलेल्या प्रत्येक व्यवहाराला प्रत्येक भागीदार एकत्र आणि एकेकटाही पूर्ण जबाबदार असतो. निम्मा हिस्सा म्हणजे निम्मं देणं, असं तिथे नसतं. ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडून वसूल होतं, आणि बाबांकडे जमीन होती. म्हणून मेनरोडच्या दादांचा सल्ला त्यांच्या दुकानाला योग्य असला, तरी दोघांच्या धंद्याला मी साधी भागीदारी कधीच सुचवणार नाही. तुमच्या घरात तर नाहीच नाही.

एलएलपी आणि प्रायव्हेट लिमिटेड दोन्हीकडे ही भानगड थांबते. मित्राने उद्या एलएलपीच्या नावावर दोन लाखांचं कार्बाइड टूलिंग उधार आणलं आणि पैसे थकले, तर पुरवठादार एलएलपीवर दावा लावेल, गाळ्यातल्या मशीनपर्यंत पोचेल. तुमच्या घरापर्यंत नाही. एवढं संरक्षण खरं आहे आणि ते मोलाचं आहे.

पण दादा, हे संरक्षण तुम्ही ज्या कागदावर स्वतः सही केलेली नाही त्याच देण्यापुरतं असतं. हे मला कुणी आधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आम्ही कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, घ्यायला गेलो तेव्हा बँकेत शेवटच्या दिवशी कागदांचा एवढा मोठा गठ्ठा समोर आला. अधिकारी पान उलटत होते आणि पेन्सिलने फुली मारलेल्या जागी आम्ही सह्या करत होतो. त्यात "डीड ऑफ गॅरंटी" नावाचा वेगळा कागद होता. माझी वैयक्तिक हमी, भावाची वैयक्तिक हमी, आणि आईचा सिडकोतला फ्लॅट गहाण. आई सही करताना म्हणाली, "कंपनी लिमिटेड आहे ना गं?" मी "हो" म्हणाले. त्या क्षणी मला स्वतःलाच माहीत नव्हतं की त्या सहीनंतर बँकेपुरती आमची कंपनी लिमिटेड राहिली नव्हती. पुढे कोविडमध्ये चार महिने काम बंद पडलं तेव्हा तो कागद मी पहिल्यांदा सगळा वाचला, आणि त्या रात्री झोप लागली नाही. देवाच्या दयेने हप्ते सावरले, फ्लॅट राहिला. कंपनी दिवाळखोरीत निघून तिचं प्रकरण मिटलं तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्टच केलंय.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. दीड एकर सुरक्षित राहील की नाही हे तुम्ही आणि बाबा बँकेत कशावर सही करता यावर आहे. एलएलपी की कंपनी, याचा त्याच्याशी फार थोडा संबंध. ८ लाखांसाठी जमीन द्यायची अजिबात गरज नाही. बँकेला सांगा, सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमीखाली कर्ज द्या. त्यात तारण लागत नाही, तिऱ्हाइताची हमी लागत नाही. तुमची दोघांची स्वतःची हमी बँक तरीही मागू शकते, ती द्यावी लागेल असं धरून चाला. पण बाबांची सही मागितली तर नाही म्हणा. अधिकारी म्हणतील, "फॉर्मॅलिटी आहे." ती फॉर्मॅलिटी नसते. आणि सातबारा काढून बघा, बाबांबरोबर तुमचंही नाव लागलंय का. लागलं असेल तर तुमची वैयक्तिक हमी म्हणजे तुमच्या त्या हिश्शावरही जोखीम आली. हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नंतर कळायला नको.

लिमिटेडच्या भिंतीला आणखीही खिंडारं आहेत. कंपनीचा जीएसटी थकला आणि कंपनीकडून वसूल झाला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे प्रायव्हेट कंपनीच्या त्या काळातल्या डायरेक्टरांकडून वसूल करता येतो. आपला निष्काळजीपणा नव्हता हे डायरेक्टरने सिद्ध करायचं असतं. कंपनीचा चेक वटला नाही तर कारभार बघणाऱ्या डायरेक्टरवरही केस होते. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत म्हणून जीएसटीचे पैसे पगाराला वापरायचे, हे आपल्याकडे सर्रास चालतं. कृपा करून करू नका. जीएसटीचं खातं वेगळं ठेवा. आम्ही आता प्रत्येक पेमेंट आलं की त्याच दिवशी कराची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकतो.

आता वर्षाच्या लचांडाबद्दल. प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी ऑडिट करावंच लागतं. वार्षिक सभा, मग तीस दिवसांत ताळेबंदाचा एओसी-४ आणि साठ दिवसांत वार्षिक विवरणपत्र. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोजचे १०० रुपये. २०२१-२२ च्या वर्षी आमचे जुने हिशेबनीस काम सोडून गेले, नव्यांना वाटलं जुन्यांनी भरलं असेल, आम्हाला वाटलं नवे भरतील. जून २०२३ मध्ये लक्षात आलं. दोन्ही फॉर्मचं विलंब शुल्कच ४२ हजारांच्या वर गेलं. त्या महिन्यात दोन वायरमनचे पगार मी घरातून दिले. सलग तीन वर्षं भरलं नाही तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये देशभरातल्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं रजिस्टरमधून काढून टाकली होती, त्यात आमच्या ओळखीचेही दोघं होते.

म्हणून माझं मत विचाराल तर: तुम्ही दोघंच आहात, बाहेरचा गुंतवणूकदार नाही, शेअर विकायचे नाहीत. एलएलपी करा. नावाला वजन वगैरे मित्र म्हणतो, पण मला आजपर्यंत एकाही खरेदी विभागाने "तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात का" असं विचारलेलं नाही. पॅन, जीएसटी, उद्यम (लघुउद्योग म्हणून सरकारी) नोंदणी आणि कॅन्सल चेक मागतात, आणि पहिला लॉट नापास झाला नाही ना ते बघतात.

आर्टिकल_कॉलेजरोड

दादा नमस्कार. मी इथे एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीएचं प्रशिक्षण) करते आणि अशा नोंदण्या रोज भरते. ताईंनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे, मी कागदांचं सांगते.

सगळ्यात आधी, कृपया व्हीएमसी आत्ता स्वतःच्या नावावर घेऊ नका. आमच्याकडे मागच्याच वर्षी असं एक प्रकरण आलं होतं आणि आम्ही काहीच करू शकलो नाही. १४ लाखांवर १८ टक्के म्हणजे २ लाख ५२ हजार जीएसटी. एलएलपी किंवा कंपनी आधी झाली, तिची जीएसटी नोंदणी झाली आणि मग बिल तिच्या नावावर आलं, तर हे अडीच लाख क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळतात. नोंदणीच्या आधी घेतलेल्या कच्च्या मालाचं क्रेडिट काही अटींवर मिळतं, मशीनचं मिळत नाही. सौदा हातचा जाईल अशी भीती असेल तर विक्रेत्याला थोडा इसार द्या, पण बिल फाडायला थांबवा.

प्रायव्हेट लिमिटेडसाठी स्पाइस प्लस नावाचा एकच अर्ज असतो. पहिल्या भागात नाव, त्याचे १ हजार रुपये. दुसऱ्या भागात बाकी सगळं, त्यातच पॅन, टॅन, पीएफ, ईएसआय आणि बँक खात्याचीही सोय आहे. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या कंपनी मंत्रालयाची नोंदणी फी लागत नाही, राज्याची स्टॅम्प ड्यूटी मात्र लागते. किमान भांडवलाची १ लाखाची अट २०१५ मध्येच गेली, तरी अजून लोक तिच्याबद्दल विचारतात. कंपनी झाल्यावर १८० दिवसांच्या आत भांडवलाचे पैसे कंपनीच्या खात्यात भरल्याचं दाखवून आयएनसी-२०ए भरावा लागतो. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं की लोक पेढे वाटतात आणि हा फॉर्म विसरतात. त्याचा दंड कंपनीला ५० हजार आहे.

एलएलपीचा अर्ज फिलिप. त्यानंतर ३० दिवसांत एलएलपी करार योग्य स्टॅम्पवर करून फॉर्म ३ मध्ये दाखल करायचा. पुढे दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरणपत्र) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशेबाचं विवरण). एलएलपी कायद्याखाली ऑडिट तेव्हाच, जेव्हा उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या वर जातं. तुमचं भांडवल १५ लाख, त्यामुळे पहिलं वर्ष बहुधा यातून सुटेल.

आयकरात फरक आहे तो लक्षात घ्या. एलएलपीला सरसकट ३० टक्के आणि सेस, म्हणजे ३१.२ टक्के. कंपनीने सवलतीचा पर्याय घेतला तर अधिभार-सेस धरून सुमारे २५.१७ टक्के. ऐकायला कंपनी स्वस्त वाटते. पण कंपनीतून नफा घरी न्यायचा तर लाभांशावर तुम्हाला पुन्हा कर, उलट एलएलपीने कर भरल्यावर नफ्याचा हिस्सा भागीदाराला करमुक्त. शिवाय काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला एलएलपीच्या नफ्यातून वजा होतो, पहिल्या ६ लाख नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जे जास्त असेल तेवढा. अट एवढीच की तो करारात लिहिलेला हवा. साध्या भागीदारीला अंदाजित नफ्यावर कर भरायची सोय असते, ती एलएलपीला नाही, म्हणून हिशेब वह्या नीट ठेवाव्याच लागतील.

आणि गाळा. तो एमआयडीसीचा आहे, म्हणजे मूळ मालकाकडे तो भाडेपट्ट्याने आहे. तो तुम्हाला देताना एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी आहे का, ते करार करण्यापूर्वी विचारा. नोंदणीकृत कार्यालय म्हणून घरचा पत्ता दिला तरी चालतो, त्याला वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं नको आणि बाबांचं ना-हरकत पत्र हवं. बाबांनी घाबरू नये, त्या पत्राने घरावर कसलाही बोजा येत नाही.

टूलरूम_अंबड

ताई, तुम्हा दोघींचे मनापासून आभार. ताईंचं लिहिणं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आईच्या सहीचा भाग आला तेव्हा ते मध्येच उठून गॅलरीत गेले. परत आले आणि म्हणाले, "या बाईला विचार, करारात काय लिहायचं." व्हीएमसीवाल्याला आज फोन करून २१ हजार इसार देतो म्हटलं, तो महिनाभर थांबायला तयार आहे.

दोन अडचणी आहेत. मित्र सहा महिने तरी नोकरी सोडणार नाही म्हणतो, घरी वडिलांचं डायलिसिस चालू आहे, मेडिक्लेम कंपनीचा आहे. मी त्याला आग्रह करू शकत नाही. तो भागीदार होऊ शकतो का? आणि पैसे मी दुप्पट घालतोय, पण प्रोग्रामिंग सगळं त्याचं. आमची मैत्री वीस वर्षांची आहे. टक्केवारीचा विषय काढला की दोघंही गप्प बसतो.

पॅनेलवाली_सातपूर

दादा, मित्राच्या वडिलांना बरं वाटो. एलएलपीत भागीदार व्हायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्याच्या नेमणूक पत्रात "दुसरा व्यवसाय करणार नाही" असं कलम असतंच असतं. नाव सरकारी साइटवर सगळ्यांना दिसतं, लपत नाही. त्याला आधी ते पत्र काढायला सांगा आणि त्यांच्या एचआरकडून लेखी परवानगी मिळते का बघा. नाही मिळाली तर त्याने आत्ता नाव घालू नये. मेडिक्लेम जाणं ही तुमच्या धंद्याहून मोठी गोष्ट आहे. तोपर्यंत पत्नीला भागीदार करून सुरू करा, एलएलपीला दोघं लागतातच, आणि मित्र आल्यावर पुरवणी करार करून त्याला आत घ्या. तो फॉर्म भरायचा असतो, पण अवघड नाही.

टक्केवारीवर गप्प बसू नका. तुम्ही करारात काही लिहिलं नाही तर कायदा स्वतःचे नियम लावतो: नफा-तोटा सगळ्यांचा समान आणि कामाचा मोबदला कुणालाच नाही. तुमचे १० आणि त्याचे ५ असले तरी नफा निम्मा-निम्मा, आणि तो रात्री दोन वाजेपर्यंत प्रोग्राम लिहीत बसला तरी त्याला शून्य. दोघांवरही अन्याय. त्यापेक्षा पैशाला वेगळं आणि कामाला वेगळं धरा. जास्तीच्या ५ लाखांवर तुम्हाला ठरावीक व्याज, जो जितका काम करेल त्याला दर महिन्याला मोबदला, आणि उरलेला नफा ज्या प्रमाणात ठरेल तसा. आम्ही बहीण-भाऊ असूनही हे लिहिलंय. त्या दिवशी अवघडल्यासारखं झालं खरं, पण नंतर पैशावरून आमचा आवाज चढलेला मला आठवत नाही.

बाबांनी विचारलंय म्हणून आणखी तीन गोष्टी करारात घालाच. ठरलेल्या रकमेच्या वर, म्हणा ५० हजार, कुठलीही उधारी दोघांच्या सहीशिवाय नाही. बँक खातं दोघांच्या सहीचं. आणि एकाने बाहेर पडायचं ठरवलं तर मशीनची किंमत कुणी, कशी काढायची. बाबांच्या वेळी पहिली ओळ कागदावर असती तर भागीदाराला लगाम बसला असता. स्टीलवाल्यांना मात्र आतला करार दाखवून अडवता येत नाही, म्हणून मोठ्या पुरवठादारांना सुरुवातीलाच एक पत्र द्या की अमुक रकमेवरची ऑर्डर दोघांच्या सहीची असेल तरच धरावी.

आणि उद्यम नोंदणी पहिल्याच दिवशी करा, फुकट होते. लेखी करार असला तरी तुमचं बिल ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाही, आणि थकवलं तर गिऱ्हाइकाला त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही. मार्च जवळ आला की आमचे फोन आता ते स्वतः उचलतात.

निफाडकर

एक राहिलं. भागीदार दगावला तर काय, हेही लिहा. माझा चुलतभाऊ बेदाण्याच्या धंद्यात एलएलपीत होता, गेल्या वर्षी अचानक गेला. वारसांना त्याचं भांडवल आणि तोपर्यंतचा नफा मिळतो, पण ते आपोआप भागीदार होत नाहीत. वहिनींना पैसे कधी, किती हप्त्यांत मिळणार हे करारात नव्हतं, त्यामुळे दोन्ही घरांना खूप त्रास झाला. दोघांच्या नावावर टर्म विमाही घ्या.

टूलरूम_अंबड

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो. एलएलपी करतोय, सध्या मी आणि माझी पत्नी. मित्राचं नेमणूक पत्र बघितलं, ते कलम आहे. सहा महिन्यांनी तो राजीनामा देऊन येईल. तोवर त्याचे ५ लाख घेणार नाही, त्याऐवजी बँकेकडे १२ लाख सीजीटीएमएसईत मागितलेत. बाबा बँकेत बरोबर आले होते. अधिकाऱ्यांनी जमिनीचा विषय काढला, तेव्हा बाबांनी आधीच घडी घालून ठेवलेला सातबारा खिशातून काढला, त्यावर फक्त त्यांचं नाव असल्याचं दाखवलं आणि परत खिशात ठेवला. म्हणाले, "माझी सही मिळणार नाही." अधिकारी हो म्हणाले, प्रस्ताव तसाच पुढे गेलाय.

शेवटची एक शंका. गाळ्यावरची पाटी बाबा स्वतः रंगवणार आहेत, सातपूरच्या दुकानाची पाटीही त्यांनीच रंगवली होती. नावापुढे "एलएलपी" लिहावं लागतं का?

आर्टिकल_कॉलेजरोड

हो दादा, एलएलपी हा तुमच्या नावाचाच भाग आहे, तो गाळता येत नाही. पाटी मराठीत ठळक असू द्या. बिलावर आणि पत्रावर मात्र पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित जबाबदारीसह नोंदणी झाल्याचा उल्लेख, एवढं सगळं छापावं लागतं. बिलबुक छापायला टाकण्याआधी नोंदणी क्रमांक येऊ द्या. पाटीचंही तसंच, नाव मंजूर झाल्याशिवाय काकांना रंग आणायला सांगू नका.